उसनी साधने आणि त्यांची परतफेड

मागील प्रकरणात जावा भाषेत पडद्यावर खिडकी कशी उभी करावयाची, तिच्यात बटणे, मजकुराच्या चौकटी आणि चित्रे कशी मांडावयाची, हे आपण पाहिले. खिडकी उघडली, माणसाने तिच्यात आपले काम केले आणि ती मिटली, एवढ्यावर पुष्कळ पाठ्यपुस्तके थांबतात. परंतु मिटलेल्या खिडकीमागे काय उरते, हा प्रश्न तिच्या उभारणीइतकाच महत्त्वाचा आहे. ज्या आज्ञावल्या सकाळी सुरू होऊन रात्रीपर्यंत अखंड चालू राहतात, त्यांच्या बाबतीत तर सारे यशापयश पुष्कळदा याच प्रश्नावर अवलंबून असते.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या रुग्णालयाच्या नोंदणी-कक्षात जावात लिहिलेली आज्ञावली चालू आहे. रुग्ण आला की कारकून पडद्यावर नवी खिडकी उघडतो, नाव, वय, पत्ता लिहून घेतो, केसपेपर छापतो आणि खिडकी मिटतो. ती उघडताना आज्ञावली काही फाँट, काही चिन्हचित्रे आणि रेघा-रंगकामाची काही साधने अशी एकूण २४ साधने कार्यप्रणालीकडून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडून, मागून घेते. आणि खिडकी मिटताना ती परत करावयास विसरते. विंडोज या कार्यप्रणालीत एका आज्ञावलीला चित्रणाची अशी साधने एका वेळी १०,००० पर्यंतच मिळतात. ही मर्यादा तिथे मुळातच घालून दिलेली आहे. आज्ञावली सुरू होतानाच ४०० साधने खर्ची पडली असे धरले, तर ९,६०० उरतात. त्यांना २४ ने भागले की ४०० येतात. मिनिटाला एक याप्रमाणे सकाळी ८ वाजता नोंदणी सुरू झाली, तर चारशेवा रुग्ण दुपारी २ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास येईल. तोपर्यंत सर्व काही सुरळीत दिसते. त्यानंतर मात्र बटणांवरची चित्रे नाहीशी होतात, खिडकीचा अर्धा भाग पांढरा राहतो, आणि शेवटी ‘आणखी हँडल उपलब्ध नाहीत’ अशा अर्थाचा संदेश देऊन आज्ञावली कोसळते. ज्याचे नाव अर्धवट लिहून झाले होते तो रुग्ण पुन्हा रांगेत उभा राहतो.

आज्ञावली बंद करून पुन्हा सुरू केली की दोष नाहीसा होतो, कारण बंद पडलेल्या आज्ञावलीच्या नावावर असलेली सर्व साधने विंडोज आपण होऊन काढून घेते. हीच या दोषाची खरी फसवी बाजू होय. संगणकावर ‘दुपारी एकदा बंद करून चालू करावे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली प्रस्तुत लेखकाने एका कचेरीत पाहिली आहे. चिठ्ठी लावणाऱ्याची काहीच चूक नव्हती. त्याने रोगाचे लक्षण अचूक ओळखले होते. रोग कोठे आहे हे सांगणे आज्ञावली लिहिणाऱ्याचे काम होते.

येथे वाचकाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. जावामध्ये निरुपयोगी झालेल्या वस्तू आपोआप गोळा केल्या जातात असे आपण आरंभीच्या प्रकरणांत शिकलो. मग ही साधने कोणी गोळा का करीत नाही? या शंकेचे उत्तर नीट समजले की या प्रकरणातील बराचसा विषय समजला असे म्हणता येईल.

आपोआप स्मृती मोकळी करण्याची कल्पना जावाहून बरीच जुनी आहे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प या भाषेसाठी ती योजिली आणि १९६० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात तिचे वर्णन केले. जिच्यापर्यंत पोहोचण्याचा एकही मार्ग आज्ञावलीत उरलेला नाही, अशी वस्तू पुन्हा वापरली जाणे शक्य नाही. तेव्हा तिने व्यापलेली स्मृती निर्धास्तपणे परत घ्यावी, असा हा साधा व सुंदर विचार आहे. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने जावा लोकांसमोर आणली तेव्हा हा कचरा-संकलक तिच्या मुख्य आकर्षणांपैकी एक होता, आणि सी किंवा सी++ मध्ये स्मृती हाताने परत करून थकलेल्या लोकांनी त्याचे स्वागत केले ते योग्यच होते.

तथापि हा संकलक एकाच भांडाराची राखण करतो, आणि ते भांडार म्हणजे जावाची स्वतःची स्मृती. फाँट, चित्र किंवा खिडकी ही मात्र जावाच्या मालकीची नसते. ती कार्यप्रणालीच्या कोठारात असते, आणि जावाच्या हाती येतो तो केवळ एक क्रमांक. त्याला हँडल म्हणतात. रेल्वे स्थानकावरील सामानघरात आपण पेटी ठेवतो आणि पावती घेतो, त्यातला हा प्रकार आहे. पावती खिशात मावते. पेटीने मात्र फळीवरची जागा अडवलेली असते. जावातील फाँटची वस्तू म्हणजे ही पावती होय.

आता आपल्या उदाहरणातील ९,६०० साधनांकडे पुन्हा पाहू. एका पावतीस ३२ बाइट लागतात असे धरले, तरी सर्व मिळून ३,०७,२०० बाइट, म्हणजे सुमारे ३०० किलोबाइट एवढीच जावाची स्मृती खर्च झाली. कित्येक गिगाबाइट स्मृती असलेल्या संगणकात एवढ्यासाठी संकलकाची झोपही मोडत नाही. त्याच्या दृष्टीने घर रिकामेच आहे. तिकडे सामानघराच्या फळ्या भरून गेल्या आहेत, याची त्याला वार्ताही नसते. बरे, तो जागा झाला तरी काय करील? पावत्या केराच्या टोपलीत टाकील. पावती फाडल्याने पेटी फळीवरून हलत नाही. उलट पेटीचा क्रमांक आता कोणापाशीच उरत नाही, आणि आज्ञावली चालू आहे तोवर ती पेटी परत करण्याचा मार्गच बंद होतो.

या अडचणीवर जावाच्या रचनाकारांनी एक तोड काढली होती. संकलकाने वस्तू नष्ट करण्यापूर्वी तिची एक विशेष क्रिया चालवावी, तिचे नाव ‘फायनलाइझ’. या क्रियेत कार्यप्रणालीचे साधन परत करण्याची आज्ञा लिहून ठेवावी, म्हणजे पावती फाडणाराच पेटीही उचलून देईल. कल्पना ऐकावयास चांगली वाटते, आणि अनेकांनी तिच्यावर विसंबून आज्ञावल्या लिहिल्या. परंतु ही क्रिया केव्हा चालेल याची कोणतीही हमी जावा देत नाही. ती मुळीच न चालता आज्ञावली संपू शकते. दोन वस्तूंपैकी कोणाची क्रिया आधी चालेल हेही ठरलेले नाही, त्यामुळे खिडकी आणि तिच्यातील बटण यांचा क्रम उलटा लागू शकतो. याहून कठीण अडचण धाग्यांची आहे. ही क्रिया जावाच्या एका वेगळ्या धाग्यावर, म्हणजे थ्रेडवर, चालते. विंडोजचा नियम असा की, ज्या धाग्याने खिडकी उभारली त्याच धाग्याने ती मोडली पाहिजे. दुसऱ्याची मागणी नाकारली जाते. म्हणजे जो आपण होऊन परतफेड करावयास निघाला, त्याला सामानघराच्या दारातच अडवले जाते.

अनुभवाने हे पटण्यास बरीच वर्षे लागली. २०१७ साली आलेल्या जावाच्या नवव्या आवृत्तीत ‘फायनलाइझ’ वापरू नये असे अधिकृतपणे सांगण्यात आले व तिच्याऐवजी ‘क्लीनर’ नावाची अधिक शिस्तीची सोय देण्यात आली. आणि २०२२ च्या अठराव्या आवृत्तीत ती पुढेमागे काढून टाकण्यात येईल असे जाहीर झाले. क्लीनरदेखील संकलकाच्या लहरीवरच चालतो, हे मात्र विसरू नये. विसरलेली पेटी एखादे वेळी परत मिळावी म्हणून तो ठेवावा. त्याच्या भरवशावर विसरू लागावे, यासाठी तो नाही.

चित्रमय आज्ञावल्यांपुरते पाहिले तर या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर एसडब्ल्यूटी या साधनसंचाने दिले, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करू. कॅनडातील ओटावा शहरात ऑब्जेक्ट टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल नावाची एक संस्था होती. १९९६ साली ती आयबीएमच्या ताब्यात आली. तेथील मंडळी स्मॉलटॉक या भाषेत मुरलेली होती. संकलक असलेल्या भाषेतून कार्यप्रणालीच्या खऱ्याखुऱ्या खिडक्या वापरल्या म्हणजे काय होते, हे त्यांनी जावाच्या आधीच भोगले होते. स्टीव्ह नॉर्थोव्हर यांच्या पुढाकाराने घडलेला हा संच २००१ साली एक्लिप्स प्रकल्पाबरोबर सर्वांसाठी खुला झाला. त्यात ‘फायनलाइझ’चा आधार जाणूनबुजून घेतलेला नाही. प्रत्येक साधनाला ‘डिस्पोज’ नावाची क्रिया असते, आणि ती केव्हा चालवावयाची याचे दोनच नियम आहेत. पहिला असा की, जे साधन तुम्ही निर्माण केले ते तुम्हीच परत करावे. दुसरा असा की, मूळ खिडकी मोडली म्हणजे तिच्या पोटातील घटक आपोआप मोडतात.

नियम दोनच असले तरी त्यांचा अर्थ सावकाश उलगडून पाहावा लागतो. पहिल्या नियमाची एक बाजू अशी की, जे तुम्ही निर्माण केले नाही ते परत करण्याचा तुम्हाला अधिकारही नाही. बटणाला त्याचा फाँट विचारला, तर मिळणारा फाँट बहुधा साऱ्या पडद्याचा सामाईक असतो. तो तुम्ही ‘डिस्पोज’ केलात, तर आपल्या घरातील दिवा मालवण्यासाठी सगळ्या आळीची वीज तोडल्यासारखे होईल. साधन निर्माण करणे आणि साधन विचारून घेणे यांत फरक आहे, आणि एसडब्ल्यूटीत तो आज्ञेच्या रूपावरूनच ओळखू येतो: ‘न्यू’ हा शब्द लिहून जे आणले ते तुमचे, ‘गेट’ने सुरू होणाऱ्या क्रियेने जे मिळाले ते सर्वसाधारणपणे दुसऱ्याचे.

दुसऱ्या नियमाबाबत नवशिक्याची हमखास चूक होते. मोठी खिडकी मोडली की तिच्यातील चौकटी, बटणे, याद्या सर्व मोडतात, कारण त्या निर्माण करतानाच त्यांना त्यांची मूळ खिडकी सांगितलेली असते. परंतु बटणावर लावलेले चित्र हे बटणाचे अपत्य नव्हे. ते स्वतंत्रपणे निर्माण झाले आणि बटणाला केवळ दाखविण्यासाठी दिले. तेच चित्र आणखी दहा बटणांवर असू शकते. म्हणून बटण मोडताना एसडब्ल्यूटी त्याला हात लावत नाही. आपल्या रुग्णालयाच्या आज्ञावलीत नेमके हेच घडले असावे: लिहिणाऱ्याने खिडकी मोडली, तिच्याबरोबर सर्व काही गेले असे मानले, आणि फाँट व चित्रे मात्र फळीवर राहिली.

उपाय कठीण नाही. खिडकी मोडली जात असताना एसडब्ल्यूटी तशी वर्दी देते. ती वर्दी ऐकणारा श्रोता खिडकीला जोडावा आणि खिडकीसाठी निर्माण केलेले फाँट व चित्रे त्यात परत करावीत. साधनाचे आयुष्य ज्याच्यासाठी ते आणले त्याच्या आयुष्याला बांधून टाकणे, हा यातील खरा मुद्दा आहे. चित्र आज्ञावलीभर लागणार असेल तर प्रत्येक खिडकीने ते नव्याने आणू नये. एकदाच आणून एका नोंदवहीत ठेवावे आणि पडदा मिटताना नोंदवहीनेच ते परत करावे. एसडब्ल्यूटीच्या जोडीने येणाऱ्या जेफेस या संचात चित्रांची व फाँटची अशी तयार नोंदवही आहे.

चालू खिडकीत एक चित्र बदलून दुसरे लावावयाचे असेल तर क्रमास महत्त्व येते. आधी नवे चित्र लावावे, मग जुने परत करावे. उलट केले तर मधल्या क्षणी बटणाच्या हाती मोडलेले चित्र राहते. घाईने केलेली परतफेड ही विसरलेल्या परतफेडीइतकीच घातक असते. फरक एवढाच की तिचा दोष ताबडतोब दिसतो. मला विचाराल तर, दोहोंपैकी एक चूक करावयाचीच असेल तर ही बरी.

रंगांची गोष्ट थोडी निराळी झाली आहे. पूर्वी २५६ रंग दाखविणाऱ्या पडद्यांवर रंग हेही मोजून मिळणारे साधन होते, म्हणून जुन्या एसडब्ल्यूटीत रंगसुद्धा परत करावा लागे. आज रंग म्हणजे केवळ काही संख्या होत. २०२० सालापासून या संचात रंग परत करण्याची आवश्यकता उरलेली नाही. जुन्या आज्ञावलीत तशी आज्ञा राहिली तर ती चूकही नाही. फाँट आणि चित्रे यांना मात्र ही सूट नाही.

जावाबरोबरच मिळणाऱ्या एडब्ल्यूटी आणि स्विंग या संचांकडे आता वळू. स्विंगमधील बटणे व याद्या कार्यप्रणालीकडून मागितलेल्या नसतात. जावाच त्या खिडकीत रंगवते. त्यामुळे हँडलांचा खर्च कमी होतो, आणि स्विंग वापरणाऱ्यांना परतफेडीची काळजी सहसा वाटत नाही. ही निश्चिंती अर्धीच खरी आहे. बाहेरची मोठी खिडकी तेथेही कार्यप्रणालीचीच असते, आणि तिच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारली तर ती मुळात मोडत नाही, नुसती लपते. जेफ्रेम या खिडकीचा हा मूळ स्वभाव पुष्कळांना ठाऊक नसतो. चारशे रुग्णांच्या चारशे खिडक्या पडद्यामागे दाटीने उभ्या आहेत आणि पुढे कारकुनाला एकच दिसते आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. खिडकी निर्माण करतानाच, मिटताक्षणी ती ‘डिस्पोज’ व्हावी असे सांगून ठेवले म्हणजे हे टळते. येथे दोन संचांत एक मौजेचा भेद आहे. एसडब्ल्यूटीत मोडलेली खिडकी कायमची गेली. स्विंगमधील खिडकी मोडल्यावरही तिची जावा-बाजू शिल्लक असते, आणि पुन्हा दाखविण्याची आज्ञा दिली तर ती नवे साधन मागून उभी राहते.

चित्र काढण्यासाठी लागणारी ग्राफिक्स ही वस्तूदेखील याच नियमात बसते. खिडकी रंगविण्याची वेळ आली की प्रणाली ‘पेंट’ या क्रियेला एक ग्राफिक्स देते. ती प्रणालीची असते, काम झाल्यावर प्रणालीच ती परत घेते. परंतु आपण स्वतः घटकाकडून किंवा दुसऱ्या ग्राफिक्सकडून नवी मागून घेतली, तर काम होताच ती आपण परत करावयाची. मधेच काही चूक उद्भवून क्रिया अर्धवट सुटली तरी परतफेड चुकू नये, यासाठी ती आज्ञा ‘फायनली’ या खंडात लिहावी. त्या खंडातील आज्ञा, काम सरळ संपो वा चुकीने तुटो, दोन्ही वेळा चालतात. २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून फायली व जालजोडण्या यांसाठी तर परतफेड आपोआप करणारा ‘ट्राय’ खंडाचा नवा प्रकारही मिळाला आहे. परंतु असे खंड एका क्रियेच्या आत जन्मून तेथेच संपणाऱ्या साधनांसाठी उपयोगी असतात. तासभर उघड्या राहणाऱ्या खिडकीच्या फाँटला त्यांचा आधार मिळत नाही.

एक दोष असा आहे की त्यात हँडल परत होते आणि तरीही ओझे उरते. खिडकी दर मिनिटाला घड्याळ ताजे करण्यासाठी स्विंगचा टायमर लावते. खिडकी मोडली, पण टायमर थांबविला नाही. टायमर आपल्या श्रोत्याला धरून आहे, श्रोता खिडकीला धरून आहे, आणि म्हणून संकलकाच्या दृष्टीने खिडकी अजून वापरात आहे. दीर्घायुषी यादीला खिडकीने जोडलेले श्रोते न काढल्यासही हेच होते. येथे सामानघरातून पेटी गेली, पण पावत्यांचे गठ्ठे घरात साठत राहिले.

असा दोष शोधावयाचा कसा? विंडोजमधील टास्क मॅनेजरच्या तपशिलांच्या तक्त्यात ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ आणि ‘यूजर ऑब्जेक्ट्स’ असे दोन रकाने मागून घेता येतात. पहिला फाँट-चित्रांसारख्या साधनांची संख्या दाखवितो, दुसरा खिडक्यांसारख्या वस्तूंची. आज्ञावली सुरू करून संशयित खिडकी एकदा उघडावी, मिटावी आणि आकडा लिहून ठेवावा. पहिल्या वेळी तो थोडा वाढलेला असेल. नोंदवहीत कायमची चित्रे येऊन बसतात, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. मग तीच खिडकी आणखी दहा वेळा उघडून मिटावी. आकडा स्थिर राहिला तर ती निर्दोष समजावी. तो २४० ने वाढला तर प्रत्येक फेरीस २४ साधने गळत आहेत हे उघड आहे. एसडब्ल्यूटीच्या उपयोजकांना स्लीक नावाचे एक लहानसे साधन त्याहूनही पुढे नेते: दोन क्षणांच्या नोंदी घेऊन, मधल्या काळात कोणते चित्र व कोणता फाँट निर्माण होऊन तसाच राहिला, आणि तो आज्ञावलीच्या कोणत्या ओळीवर निर्माण झाला, हे ते दाखवू शकते.

ही तपासणी आज्ञावली लिहिणाऱ्याच्या टेबलावर दहा मिनिटांत होते. तेथे ती झाली नाही तर ती नोंदणी-कक्षात होते, आणि तेथे तिला दुपारचे पावणेतीन वाजतात.